कुसाच्या आतले शेत : व्हॅन गॉगच्या पत्रांतील निसर्गचित्र

मागे एका चर्चासत्रात दलित साहित्यावर बोलताना एका प्राध्यापकांनी दोन आक्षेप घेतले. पहिला जुनाच होता : या लेखनात आग आहे, पण घडण नाही. दुसरा त्यांना स्वतःला नवा वाटत असावा, कारण तो त्यांनी दोनदा सांगितला : या साहित्यात निसर्ग नाही. झाड नाही, नदी नाही, उगवती-मावळती नाही. आहे ती फक्त माणसाने माणसाला दिलेली वागणूक. समोर बसलेली मुले बहुतेक वसतिगृहात राहून शिकणारी. त्यांतला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक जण सभा संपल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, प्रतिभा नसली तर नुसत्या मेहनतीने लिहिता येते का हो?" मी तोंडी उत्तर दिले नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या पत्रांचे पुस्तक त्याच्या हाती दिले. महिन्याभराने तो आला तो कंटाळूनच. "यात सगळा रंगांचा आणि पैशांचा हिशेब आहे, सर," असे म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे आहे. तो हिशेब हेच त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते, आणि म्हणून हा लेख मी त्याच्यासाठी लिहितो आहे. प्राध्यापक महाशयांनी वाचला तरी हरकत नाही.

आपल्याकडे व्हॅन गॉग माहीत आहे तो कान कापून घेणारा वेडा म्हणून. आयर्विंग स्टोनची कादंबरी १९३४ साली आली, तिच्यावरून १९५६ साली चित्रपट निघाला, आणि डिसेंबर १८८८ मधली ती एक रात्र त्याच्या दहा वर्षांच्या कामाला गिळून बसली. प्रतिभावंत म्हणजे झपाटलेला. आणि झपाटलेल्याला शिकावे लागत नाही, त्याला आतून येते. ही समजूत प्रस्थापितांच्या फार सोयीची आहे. संस्कृत काव्यशास्त्राने प्रतिभेबरोबर व्युत्पत्ती आणि अभ्यास यांचीही नावे घेतली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण समीक्षेच्या रोजच्या व्यवहारात शिल्लक राहिली ती प्रतिभा. काही आचार्यांनी तर ती पूर्वजन्मीच्या संस्कारातून येते असे सांगून ठेवले. जात पूर्वजन्मीच्या कर्माने, आणि प्रतिभाही पूर्वजन्मीच्या संस्काराने! दोन्ही कोठारांच्या किल्ल्या एकाच कमरेला. ज्याच्या बापजाद्यांना अक्षर गिरवायची बंदी होती, त्याने कोणत्या जन्मीचे संस्कार दाखवावेत?

म्हणून व्हॅन गॉगची पत्रे महत्त्वाची. त्याची आठशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतली बहुसंख्य पॅरिसमध्ये चित्रांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाला, थिओला, लिहिलेली आहेत. थिओच्या पत्नीने, योहानाने, ती १९१४ साली प्रसिद्ध केली. ती न उरती तर आपल्या हाती फक्त चित्रे राहिली असती, आणि ती आकाशातून पडली असे म्हणायला सगळे मोकळे झाले असते. पत्रांमुळे चित्र कसे झाले, कितव्यांदा झाले, त्याला किती रंग लागला आणि त्या आठवड्यात चित्रकार काय खात होता, हे समजते. अशी दिवसावार नोंद फार थोड्या निसर्गचित्रकारांची उरली आहे.

१८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. त्याआधी चित्रांच्या दुकानातली नोकरी गेली होती; बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात तो धर्मप्रचारक म्हणून गेला, आपले कपडे खाणकामगारांना वाटून स्वतः झोपडीत राहू लागला, आणि नेमणूक करणाऱ्या मंडळीला हे अति वाटल्यामुळे ती नेमणूकही गेली. तिथेच त्याने चित्रकलेचा अभ्यास धरला. त्याच्यापाशी होते काय? शार्ल बार्ग याने तयार केलेली, कित्त्यासारखी गिरवायची चित्रे, आणि मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांचे छाप. ती तो पुन्हा पुन्हा गिरवत बसला. या काळातली त्याची माणसे ताठर आणि ओबडधोबड आहेत. ती पाहून हा पुढे मोठा होईल असे कुणी म्हटले असते असे मला वाटत नाही.

पुढे द हेग शहरी आल्यावर त्याने निसर्गाकडे मोर्चा वळवला. तेलरंग महाग, म्हणून बराच काळ पेन्सिल, कोळसा आणि शाई यांवरच काम. ऑगस्ट १८८२ मधल्या एका पत्रात त्याने एका लाकडी चौकटीचे रेखाटन करून पाठवले आहे. चौकटीत दोरे ताणलेले. तिला उभी करायला दोन लांब पाय. त्या पायांना लोहाराकडून बसवून घेतलेली लोखंडी टोके, म्हणजे वाळूत आणि ढेकळांत ती घट्ट उभी राहावी. या दोऱ्यांतून पाहिले की दूरचे घर किती लहान, जवळचे गवत किती मोठे, रस्ता कुठे निमुळता होतो, हे मोजता येते. जुने चित्रकार ही युक्ती वापरत, हे त्याला माहीत होते. मला हे पत्र फार आवडते. निसर्गाशी तादात्म्य वगैरे जे शब्द आपण वर्गात वापरतो त्यांच्या जागी इथे लोहाराने ठोकलेला खिळा आहे.

त्याच महिन्यात त्याने स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर वादळी समुद्र रंगवला. वारा इतका की उभे राहणे कठीण, आणि वाळू उडून ओल्या रंगावर बसे. दोन वेळा सगळे चित्र खरवडून काढावे लागले. तरी काही कण रंगात रुतून राहिले. तपासणाऱ्यांना ते आजही सापडतात. हे चित्र २००२ साली अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि २०१६ साली इटलीत सापडले. किनाऱ्यावरची वाळू मात्र इतक्या सगळ्या प्रवासात चित्राला सोडून गेली नाही.

१८८३ च्या अखेरीस तो न्यूनेन या खेड्यात आईवडिलांकडे राहायला गेला. वडील तिथले धर्मोपदेशक. इथून पुढची दोन वर्षे आपल्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहेत, कारण इथे त्याला जमीन दिसू लागली ती माणसाच्या हातांमधून. आधी विणकर, मग शेतकरी. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे नुसते चेहरे चाळीसच्या आसपास रंगवले. मग हात. मग एप्रिल-मे १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे'. ज्या हातांनी माती उकरली तेच हात ताटात घालून ही माणसे खात आहेत, हे आपल्याला दाखवायचे होते, असे तो थिओला कळवतो. आणि चित्राचा रंग न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा असावा, असेही. हे काही निसर्गचित्र नव्हे, घरातले चित्र आहे. पण त्याच महिन्यात त्याने रंगवलेली शाकारलेल्या छपराची झोपडी पाहा. तिच्या भिंती त्याच मातीच्या रंगाच्या आहेत. माणूस, घर आणि रान एकाच मळणीतले. ते तसे दिसायला चाळीस चेहऱ्यांचा हिवाळा खर्ची पडला होता.

याच चित्राच्या शिळाछापाचा एक नमुना त्याने आपला मित्र व्हॅन राप्पार्ड याला पाठवला. राप्पार्ड सरदार घराण्यातला, रीतसर शिकलेला चित्रकार. त्याने उलट टपाली झोडपून काढले : हात आखूड, कोपरे चुकलेली, किटली टेबलावर नीट टेकलेलीसुद्धा नाही, आणि असे काम करून मिलेचे नाव घेण्याचा तुला अधिकार काय, अशा अर्थाचे. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. 'अनुभव जिवंत, पण कलाकृती होत नाही', 'व्याकरण कच्चे', 'आधी साधना करा'. व्हिन्सेंटने ते पत्र तसेच परत धाडले आणि मैत्री संपली. पण मला विशेष वाटते ते पुढचे. अपमान गिळून तो स्वस्थ बसला नाही, आणि आपल्या चुका हेच आपले वैशिष्ट्य असा कांगावाही त्याने केला नाही. त्या उन्हाळ्यात त्याने शेतात वाकलेली, खणणारी, पेंढ्या बांधणारी माणसे काढली. मोठी, एकामागून एक, वाकलेल्या पाठीचा तोल साधेपर्यंत. राप्पार्डचा उद्दामपणा त्याने नाकारला, आणि हात आखूड पडला असेल तर तो पुन्हा काढला. आपल्यातले काही तरुण कवी पहिली गोष्ट आवेशाने करतात आणि दुसरी विसरतात, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे.

त्याच वर्षीच्या जुलैमधल्या पत्रात तो उघड्यावर बसून काम करण्याविषयी लिहितो : थिओला जी चार चित्रे मिळतील त्यांच्यावरून शंभरेक माश्या तरी आपण काढल्या असतील, शिवाय धूळ आणि वाळू; आणि कॅनव्हास घेऊन काही तास माळरानातून, झुडपांतून चालले की काट्यांचे ओरखडे पडतातच. ज्यांनी दिवाणखान्यात बसून निसर्गाचा आस्वाद घेतला त्यांना हे वर्णन गमतीचे वाटेल. रानात राबलेल्याला ते नवीन नाही. पुढे २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात त्याच्या १८८९ च्या एका ऑलिव्ह झाडांच्या चित्रात, रंगात अडकलेला नाकतोडा सापडला.

या सगळ्याचा खर्च थिओ करत होता. न्यूनेनच्या काळात दरमहा दीडशे फ्रँक. १८८४ च्या सुरुवातीला व्हिन्सेंटने त्याला सुचवले की हे पैसे दान समजू नकोस. त्याच्या बदल्यात माझी चित्रे तुझी. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तो भावाचा सालगडी झाला. पण ही उपमा मी फार ताणणार नाही. आपल्या सालगड्याने मालकाला चार-चार पानांची पत्रे लिहिली नाहीत, आणि लिहिली असती तर मालकाने ती जपून ठेवली नसती.

इथेच व्हॅन गॉगविषयी माझी पहिली तक्रार सुरू होते. 'बटाटे खाणारे' ज्या द ग्रोत कुटुंबाच्या घरी बसून त्याने रेखाटले, त्या घरातली तरुण मुलगी गोर्दिना त्या वर्षी गरोदर होती. संशय चित्रकारावर घेतला गेला. त्याने थिओला लिहून तो साफ नाकारला. गावच्या कॅथलिक धर्मगुरूने लोकांना याच्यासमोर चित्रासाठी बसू नका असे बजावले, आणि न बसणाऱ्यांना पैसे देण्याचीही तयारी दाखवली. व्हिन्सेंटची बाजू आपल्याला माहीत आहे. धर्मगुरूची त्याच्याच पत्रांतून कळते. गोर्दिनाची बाजू कुठल्याच पत्रात नाही. जिच्या चेहऱ्याची त्याने पुन्हा पुन्हा चित्रे केली, तिचा एक शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. चित्रकाराची सहानुभूती कितीही खरी असली तरी लेखणी कुणाच्या हातात होती हा प्रश्न उरतोच. दलित साहित्य हा त्या प्रश्नातून जन्मलेला प्रकार आहे. गोर्दिना लिहिती तर काय लिहिती, हे विचारणारे साहित्य.

आणि चित्रकार कुठे उभा राहतो, हाही प्रश्न. याबाबतीत माझी एक आठवण सांगतो. आमच्या शाळेत निसर्गचित्राला 'देखावा' म्हणत. देखावा म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, एक झोपडी आणि नारळाची झाडे. मराठवाड्यातल्या आमच्या भागात नारळ कुणी पाहिलेला नव्हता तो देवळापुढे फोडण्यापुरता. पण कागदावर आम्ही सगळे नारळीच्या बागा लावत होतो. एकदा 'माझे गाव' असा विषय मिळाला. मी आमच्या घराच्या उंबऱ्यात बसून जे दिसते ते काढले : समोर उकिरडा, पलीकडे पडके कूस, कुसावरून दिसणाऱ्या गावातल्या घरांच्या पाठी, आणि अगदी वर बोटभर कळस. चित्रकलेचे मास्तर चांगले होते, रागावले नाहीत. कागद उलटा करून त्यांनी मागच्या बाजूला दोन डोंगर काढून दिले आणि म्हणाले, "देखावा असा असतो." मराठीत देखावा या शब्दाचा दुसरा अर्थही आहे, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली.

तेव्हा दलित साहित्यात निसर्ग नाही या आक्षेपाकडे येऊ. मराठीत निसर्ग म्हटला की बालकवी. ज्या १८९० सालच्या जुलैत व्हॅन गॉग गेला त्याच सालच्या ऑगस्टमध्ये बालकवी जन्मले. त्यांचे मोठेपण मला मान्य आहे, आणि त्यांच्या कवितेत नुसता आनंदीआनंद नाही हेही मला माहीत आहे. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी निसर्ग म्हणजे विसाव्याची जागा करून टाकली. विसावा त्याला, ज्याचे तिथे काम नाही. ज्या नदीचा वरचा पाणवठा एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा, तिच्याकडे खालच्या पाणवठ्यावरून पाहणाऱ्याला आधी वरून काय वाहत येते ते दिसते. निसर्गवर्णन नाही असे म्हणणाऱ्यांना मी महाडच्या चवदार तळ्याची आठवण देतो. पाणी, काठ, वर आकाश, सगळे काही होते तिथे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या तळ्याचे आमच्या माणसाने वर्णन करावे आणि त्यात ओंजळ येऊ नये, असे कसे होईल? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यावर जो प्रहार केला, तो राज्यव्यवस्थेविषयी होता हे खरे. पण मी तो निसर्गचित्राविषयीही वाचतो. दुरून गाव सुंदरच दिसते. चौकट कुठे रोवली आहे ते पाहावे.

फेब्रुवारी १८८८ मध्ये व्हॅन गॉग फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी आला. इथल्या सूर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी दोनच गोष्टी सांगतो. त्या प्रदेशात मिस्त्राल नावाचा वारा सुटतो आणि तो कॅनव्हास हलवून सोडतो. त्यावर त्याने उपाय केला : ईझलचे पाय जमिनीत खुपसायचे, शेजारी अर्ध्या मीटरचा लोखंडी खुंटा ठोकायचा, आणि सगळे दोरीने जखडून टाकायचे. मग वाऱ्यातही काम करता येते, असे तो जुलैमध्ये कळवतो. तंबू ठोकणाऱ्याची ही विद्या. दुसरी गोष्ट वेगाची. त्या जूनमध्ये सुगीच्या दिवसांत त्याने क्रोच्या मैदानातल्या पिकलेल्या शेतांची एकामागून एक चित्रे केली, आणि मग पाऊस आला व काम थांबले. लोक म्हणणार, फार भराभर काढली. त्यावर त्याचे थिओला सांगणे असे की, भराभर दिसणारी ही चित्रे फार आधीपासून मनात हिशेब करून ठेवलेली असतात. कुठला रंग कुठल्या रंगाला तोलतो याचे गणित उन्हात उभे राहून अर्ध्या तासात शंभर बाजूंनी सोडवावे लागते. म्हणजे ज्याला आपण स्फूर्ती म्हणतो ती आठ वर्षांची साठवण होती. शाहीर सवालाला जागच्या जागी जबाब देतो तेव्हा तो जबाब त्याच क्षणी जन्मला असे ऐकणाऱ्यालाच वाटते, शाहिराला नाही.

पुढचा मुद्दा थोडा बाजूचा आहे, पण सोडवत नाही. त्याने मागवलेल्या काही स्वस्त तांबड्या-गुलाबी रंगांचा रंग उडतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो ते अधिक भडक लावत होता, काळ त्यांना निववील म्हणून. काळाने जरा जास्तच निववले. त्याचे काही गुलाबी मोहोर आज पांढरे दिसतात. 'व्हॅन गॉगचा शांत पांढरा' असे जेव्हा एखादा रसिक म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा उडून गेलेल्या गुलाबीची स्तुती करत असतो.

मे १८८९ मध्ये, वेडाच्या झटक्यांनंतर, तो आपण होऊन सेंट-रेमी गावच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. माझ्या मते निसर्गचित्रकार म्हणून त्याची पारख करायची ती इथे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीला गजांची खिडकी होती. पहिल्याच महिन्यातल्या पत्रात तो लिहितो की गजांमधून कुंपणातले गव्हाचे एक चौकोनी शेत दिसते आणि सकाळी त्यावर सूर्य उगवतो. एक शेत, भोवती दगडी भिंत, भिंतीपलीकडे ऑलिव्हची झाडे आणि डोंगर. वर्षभरात त्याने या एका शेताची डझनभर तरी चित्रे केली. हिरवे असताना, वादळानंतर, पिकल्यावर, कापणीत, नांगरटीत, पावसात, हिवाळ्याच्या सूर्योदयात. कधी वरून खिडकीतून, कधी खाली शेतात उतरून. आपल्या विद्यार्थ्याने इतर सगळे सोडून हीच चित्रे क्रमाने लावून पाहावीत. दहा वर्षे हिंडलेल्या माणसाला एका चौकोनात डांबले, आणि त्या चौकोनात त्याला वर्ष पुरले.

जुलैच्या मध्याला उघड्यावर चित्र काढत असताना पुन्हा झटका आला. त्याने रंग तोंडात घातले, म्हणून रंगच काढून घेतले गेले. ऑगस्टच्या अखेरीस तो थिओला विनवतो की डॉक्टरांना लिही, मला कामाच्या खोलीत जाऊ देणे बरे होण्यासाठीच आवश्यक आहे. परवानगी मिळाली. बाहेर पाऊल टाकायचा धीर अजून नव्हता, तेव्हा खिडकीतून दिसणारा नांगऱ्या त्याने रंगवला. मग जूनमध्ये सुरू केलेल्या कापणीच्या चित्राकडे तो परतला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीस खोलीत बसून त्याची दुसरी आवृत्ती केली. त्या दिवसांचे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहिलेले आहे. मध्येच लेखणी ठेवून तो चित्राकडे जातो, थोडे करतो, परत येऊन दोन ओळी लिहितो. चित्रात सगळे पिवळे. रणरणत्या उन्हात विळा घेतलेला एक माणूस, तोही थोडक्या फटकाऱ्यांत उभा केलेला. या कापणाऱ्यात मला मृत्यू दिसतो, असे व्हिन्सेंट म्हणतो. गहू म्हणजे माणसे. पण हा मृत्यू भर दिवसाचा, उजेडातला आहे, त्यात दुःख काही नाही.

इथे माझी दुसरी तक्रार आहे आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. न्यूनेनमध्ये ज्याने चाळीस चेहरे काढले, त्याच्या या माणसाला चेहरा नाही. कापणाऱ्याच्या हातात विळा आहे तो मजुरीसाठी आहे; त्याला ऊन लागते आहे, त्याच्या कमरेत कळ आहे, आणि खळ्यावर शेवटी त्याच्या पदरात काय पडणार हा हिशेब त्याच्या डोक्यात आहे. त्याला मृत्यूचे प्रतीक करून टाकणे म्हणजे त्याची मजुरी बुडवणेच झाले. आपल्या बायाबापड्यांना अशीच प्रतीके करून कुणी सोशिकतेची, कुणी भूमातेची पदवी दिली आणि पायली-दोन पायलीचा प्रश्न बाजूला पडला. दुसऱ्या एका पत्रात तो म्हणतो की शेतकरी शेत नांगरतात तसा मी कॅनव्हास नांगरतो. मला हे वाक्य कधी पटते, कधी नाही. श्रम त्याचे खरे होते. पण नांगरटीतून उरलेले शेत नांगरणाऱ्याचे नसते, आणि चित्रावर सही त्याची होती.

आता भिंतीविषयी. पत्रात गज आहेत. शेताच्या एकाही चित्रात गज नाहीत. पहिल्यांदा हे ध्यानात आले तेव्हा मला वाटले, यानेही शेवटी देखावाच केला. गज पुसले, सूर्य ठेवला. पण चित्रे क्रमाने पाहिली आणि मत बदलावे लागले. गज त्याने गाळले, भिंत गाळली नाही. या शेताच्या जवळजवळ प्रत्येक चित्रात ती आहे, तिरपी धावणारी, शेताला तोडणारी. डोंगर सुंदर आहेत, पण ते भिंतीपलीकडे आहेत, हे तो आपल्याला विसरू देत नाही. गज काढले असते तर चित्र त्याच्या एकट्याच्या दुःखाचे झाले असते. भिंत ठेवली, त्यामुळे ते शेत आणि त्या शेतात वाकलेला माणूसही तिच्या आत आले.

गावकूस म्हणजे गावाची भिंतच. माझ्या वाडवडिलांनी ती बाहेरून पाहिली. वेस उघडायची आणि लावायची ती येसकर महाराने, राखायचीही त्यानेच, आणि रात्री झोपायचे मात्र कुसाबाहेर. व्हॅन गॉगला भिंत आतून दिसली आणि बाहेर जगाचा उजेड दिसला. आम्हाला ती बाहेरून दिसली आणि आत दिवे. ही दोन चित्रे एक नव्हेत, आणि ती एक आहेत असे म्हणून मी गळ्यात गळा घालणार नाही. तो उपचारासाठी गेला होता आणि वर्षाने बाहेर पडला. पण एकच भिंत बारा महिने, वेगवेगळ्या उजेडात, न कंटाळता कशी पाहावी हे मला त्याच्याकडून शिकायला मिळाले. आमच्या पडक्या कुसाचे मी एकच चित्र काढले होते, आणि तेही मास्तरांनी उलटवल्यावर पुन्हा काढले नाही. तो दोष मास्तरांचा किती आणि माझा किती, याचा विचार आता करतो.

विद्यार्थ्याला सांगायची आणखी एक गोष्ट राहिली. त्याच रुग्णालयात, दहाव्या वर्षी, 'तारांकित रात्र' काढून झाल्यावर, व्हॅन गॉग पुन्हा गिरवायला बसला. मिलेच्या पेरणाऱ्या, कापणाऱ्या, मेंढरे भादरणाऱ्या माणसांच्या काळ्या-पांढऱ्या छापांवरून त्याने वीसेक रंगीत चित्रे केली. गवई दुसऱ्याने बांधलेली चीज आपल्या गळ्याने गातो तसे हे, अशा अर्थाचे समर्थन त्याने दिले आहे. बोरिनाजच्या झोपडीत ज्याची चित्रे गिरवली त्याचीच दहा वर्षांनी पुन्हा. लाज त्याला तेव्हाही वाटली नव्हती.

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला. तिथे सत्तर दिवस राहिला आणि जवळजवळ रोज एक या हिशेबाने चित्रे केली. हयातीत त्याच्या ज्या तैलचित्राच्या विक्रीची पक्की नोंद मिळते, ते 'तांबडा द्राक्षमळा' त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या प्रदर्शनातून अॅना बोक या चित्रकर्तीने चारशे फ्रँकना घेतले होते. ते चित्र द्राक्षे तोडणाऱ्या मजूर बायांचे आहे. २३ जुलैला त्याने थिओला जे शेवटचे पत्र धाडले, त्यात नव्या चित्रांची रेखाटने आहेत आणि सोबत रंगांची मागणी आहे. स्वतःची एक, आणि त्याच खानावळीत उतरलेल्या दुसऱ्या एका तरुण डच चित्रकाराची एक. २७ जुलैला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली, २९ ला तो गेला.